आई आणि आवळ्याचा जॅम

९ जानेवारी
आवळे आले! पोतंभर. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने जॅम मागितलाय. "ताई, जमेल ना?" जमेल ना म्हणे! लोखंडी कढईत शिजवून आवळे काळेठिक्कर करणाऱ्यांतली मी नव्हे.

आई पाकळ्या सोडवायला बसल्या. वाफवलेला आवळा त्यांच्या बोटांत आपोआप उमलतो, माझ्या हातात चुरा होतो. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला, पण त्याची आई माझ्याकडेच राहिली. आता त्यांना सासूबाई म्हणायला जीभच वळत नाही.

१० जानेवारी
त्याचा फोन. रविवारी आईला न्यायला येतोय! इतकी वर्षं कुठे होतास, असं विचारणार होते. पण कशाला? आई काही जात नाहीत.

११ जानेवारी
पहिला घाणा वाया. आई म्हणाल्या, "साखरेची घाई केलीस. आधी गर मऊ होऊ दे, नाहीतर वातड होतो."

दुसरा मात्र — सोनेरी! गार बशीत थेंब टाकला, जागचा हलला नाही. बेकरीवाल्याने चमचा चाटूनपुसून साफ केला. "रोज आणा," म्हणाला. मी घरभर मिरवत होते. आई लवकरच आडव्या झाल्या. दमल्या असतील.

१४ जानेवारी, रविवार
आला. दाढी पिकलीय. आईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही, आवळ्यांचं पातेलं पुढ्यात सरकवलं — "बस. बिया काढ." मला हसू आवरेना. मुकाट्याने काढत बसला!

शेवटी मीच ठणकावलं, "आई कुठेही जाणार नाहीत."

आई ढवळतच होत्या. "जाणार आहे गं. त्याच्या बायकोला दिवस गेलेत. पोरीला आई नाही."

त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

घाणा करपला. कुणीच गॅस बंद केला नाही.

१५ जानेवारी
सकाळी तो टॅक्सी घेऊन आला. बॅग मीच भरली. जिन्यात आई म्हणाल्या, "तू बोलावलंस की येईन. पण तू कधी कुणाला बोलावत नाहीस."

टॅक्सी वळायच्या आत मी खिडकीतून ओरडले — "आई, बाळंतपण उरकलं की परत या!"

अख्ख्या गल्लीने ऐकलं. ऐकू दे!