पॅनकार्डावरचं तुमचं आडनाव

आबा, यंदाही माझं रिटर्न अडकलं. तुमच्या वेळी कापायचं ते कारखान्याचं ऑफिस कापून घ्यायचं, तुम्ही सही करून घरी यायचा. आता तसं राहिलेलं नाही. शिरोलीतल्या ज्या फौंड्रीत मी स्टोअर सांभाळते, तिथं पगारातून कर आधीच कापलेला असतो. पण तो कापला हे मलाच पुन्हा सरकारला सांगावं लागतं. जुनी पद्धत की नवी, असं विचारतात. दरवर्षी कुणीतरी समजावतं, मी मान हलवते आणि पुढच्या जुलैपर्यंत सगळं विसरून जाते. मोबाईलवर ओटीपी येतो, चष्मा शोधून तो घालेपर्यंत त्याची मुदत संपते. हेही मी निभावलं असतं. पण अलीकडं काही वर्षं स्क्रीनवर एकच लाल ओळ येते: नाव जुळत नाही.

शाहूपुरीत एक कर सल्लागार आहेत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतात. त्यांनी माझं आधार आणि पॅन शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. "ताई, ह्या दोन बाया हायत की. ह्यातल्या तुमी कंच्या?" मी म्हणाले, दोन्ही मीच. "तुमी सांगताय खरं, पर कॉम्प्युटर ऐकंना." पॅन आणि आधार जोडलं जात नाही, म्हणून कर जास्त कापला जातो, जास्त कापलेला परत मागावा तर तो येत नाही. आधारवर माझं शाळेतलं आडनाव आहे, गावावरून घेतलेलं, शेवटी 'कर' असलेलं. पॅनवर तुमचं आहे. तुमचं आणि आजोबांचं, जे ऐकलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि आपण गावातल्या कुठल्या वस्तीतले ते त्याला कळतं.

ते पॅनवर कसं आलं हे तुम्हाला माहीत आहे. मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसच्या क्लार्कनं सगळ्यांचे फॉर्म एकदम भरले. वडिलांचं नाव विचारलं, मी तुमच्या कारखान्याच्या कार्डावरचं सांगितलं आणि त्यानं तेच आडनाव मलाही लावून टाकलं. कार्ड आलं तेव्हा चूक कळली. दुरुस्त करू म्हणून घरी आणलं, तर तुम्ही ते हातात घेऊन उंबऱ्यात बसलात. अक्षरांवरून अंगठा फिरवलात. "ऱ्हाऊ दे की. काय बिघाडलंय?" दुसऱ्या दिवशी ते खिशात घालून बिद्रीला साखर कारखान्यावर घेऊन गेलात आणि फिटर मंडळींना दाखवून संध्याकाळी परत दिलंत. मी दुरुस्तीचं नाव काढलं नाही. पण मनात म्हटलं, हे काय आहे? शाळेत माझं आडनाव बदललंत तुम्हीच, आणि आता तेच परत आलं तर तुम्हालाच आनंद होतो.

कारण राग होता माझा, आबा. सहावीत असताना मी विचारलं होतं, तुमचं आणि दादाचं एक आडनाव, मग माझंच वेगळं का. तुम्ही सायकलची साखळी बसवत होता. मान वर न करता म्हणालात, "कागदावर हाय ते लिवायचं. जादा इच्यारू नगंस." तेव्हापासून मी माझं उत्तर माझ्यापुरतं करून ठेवलं: पोरगी परक्या घरी जायची, तिचं नाव काय आणि कसलं काय. म्हणून लग्नातसुद्धा मी नाव बदललं नाही. एकदा बदललं तेवढं पुरे झालं, असं सासरी सांगितलं.

सल्लागार म्हणाले, शाळेतून दाखल्याची नवी प्रत आणा. रजा काढून गावी गेले. मुख्याध्यापिका नवीन आहेत, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. माझ्या ओळीवर जुनं आडनाव तांबड्या शाईनं खोडलेलं, वर नवं लिहिलेलं, आणि पानाला तुमचा अर्ज डकवलेला. तुमची ती सुटी सुटी, उभी अक्षरं. बाईंनीच मोठ्यानं वाचलं: "माझी मुलगी इयत्ता चौथीत शिकत असून तिचे आडनाव बदलून मिळावे. मुलीचा स्वतःचा आग्रह आहे." वाचून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्हीच सांगितलं होतं व्हय?" मी हो म्हणाले. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून.

मला आठवत नाही. परतीच्या एसटीत डोकं टेकून आठवत बसले. आई चुलीपाशी आहे, मी दप्तर न काढता भिंतीकडं तोंड करून बसलेय, जेवत नाही. तुम्ही खाकी कपड्यांतच समोर उकिडवे बसलायत. "काय म्हणत्यात शाळंतल्या पोरी?" एवढंच ऐकू येतं. मी काय सांगितलं ते ऐकू येत नाही. आणि ती संध्याकाळ खरी होती, की अर्ज वाचल्यावर मी गाडीत रचली, हेही सांगता येत नाही. कदाचित मास्तरांनी कारण मागितलं असेल आणि तुम्हाला खरं ते लिहवलं नसेल. कदाचित मी खरंच हट्ट केला असेल. मग तुम्ही मला ते का सांगितलं नाही? इतकी वर्षं माझा राग अंगावर का घेतलात? आई असती तर तिला विचारलं असतं. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "मला काय ठावं न्हाय. आन् आता कशाला उकराय लागलीयास?"

दाखला घेऊन शाहूपुरीत गेले. सल्लागार खूश झाले. "आता सोपं हाय. दाखल्यापरमानं तुमचं आडनाव करू, आन् फॉर्मात वडलांचंबी तेच घालू. म्हंजे परत कटकट न्हाय." मी म्हणाले, त्यांचं ते आडनाव कधीच नव्हतं. ते टाईप करता करता थांबले. "वडील हायत?" मी नाही म्हणाले. "मग कोण इच्यारनार हाय?" फॉर्मवर दोन ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या करून त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मी दोन्हीकडं सह्या केल्या.

जिना उतरल्यावर आता वाईट वाटेल म्हणून मी खाली दुकानाच्या फळीपाशी थांबले. वाट पाहिली. आबा, मला सुटल्यासारखं वाटलं. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला लिहिलेला हा कागदही कुणाला दाखवणार नाही. दादाला तर नाहीच. त्याची पोरं अजून तुमचंच आडनाव लावतात.