डाव्या बाजूचा प्लॉट

८ जानेवारी
वरणात केस. ताट बाजूला सारलं. आईला म्हटलं, जरा पाहून वाढत जा. तिनं केस उजेडात धरला आणि म्हणाली, माहे पांढरे हायेत, हा काळा, तुहाच व्हय. शिसारी आली. केसाची नाही, आईच्या बोलण्याची.
बाथरूमच्या जाळीवरही तेच. ओला गुंता बोटानं उचलावा लागला. तेहतिसाव्या वर्षी! वडील, म्हणजे नानाजी, जेवायला बसले की त्यांच्या टकलात ट्यूबलाइट दिसते. मला ते पाहवत नाही.
निर्णय: केस उगवायचं, तांबं असलेलं कॉपर पेप्टाइड सीरम. मागवलं. तांबं म्हणजे आपला धंदा. अनसिंगात नऊ वर्षं कृषी केंद्र चालवतोय, संत्र्याच्या झाडांना तांब्याचं औषध मीच देतो. लग्नाच्या सीझनपर्यंत डोक्यावर जंगल.

१५ जानेवारी, दुपारी
बाटली आली. कुरिअरवाल्यानं भर गिऱ्हाइकात विचारलं, केसाचं औषध कोनाचं हाय? नालायक.
रंग निळा, मोरचुदासारखा. लेबल बारीक अक्षरात. वाचलं नाही. औषधं विकणाऱ्याला लेबल कशाला?
काम शास्त्रीय पद्धतीनं करणार. कंपन्या शेतात डेमो प्लॉट टाकतात. अर्ध्या वावरात औषध, अर्धं तसंच, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसतो. भांग हा धुरा, म्हणजे मधला बांध. डावीकडे औषध, उजवीकडे काही नाही.

२ फेब्रुवारी
फरक नाही. पाच थेंबांनी काय होतंय? दिवसातून एकदाचं तीनदा केलं. थेंब मोजणं बंद.
उशीवर निळे-हिरवे डाग. आईनं अभ्रा नाकाशी नेला, म्हणाली, बुरशी लागली वाटते. राखीवहिनी तो चिमटीत धरून धुवायला घेऊन गेली, मेलेला उंदीर नेल्यासारखा. ही माझी घरातली इज्जत.

१८ फेब्रुवारी
प्रेमसिंग आला दुकानात. संत्र्यावर तीन औषधं एकाच पंपात घालून मारली म्हणे. पानं करपली. चार लोकांसमोर झापलं त्याला. म्हटलं, मिसळू नका असं लेबलवर छापलंय, डोळे नाहीत का? मान खाली घालून म्हणाला, हरीओमभाऊ, लवकर फरक पडाव म्हनून केलं. वीट आला या लोकांचा.
संध्याकाळी सीरमच्या बाटलीत लिंबाचा आणि कांद्याचा रस घातला. लवकर फरक पडावा म्हणून. निळ्याचं मळकट हिरवं झालं. नाक दाबून लावलं.

१२ मार्च
डावीकडे खाज, पापुद्रे, लाल चट्टे. म्हणजे औषध लागू पडतंय. सकाळी आरशात अकरा नवे केस मोजले. अंघोळीनंतर एकही नाही. टॉवेलचे धागे होते. असले टॉवेल कोण बनवतं?
नानाजी म्हणाले, कायले डोक्स्यावर फवारनी करून राह्यला? माह्या टकलावर तुही माय कधी रुसली नाई. मुद्दा सोडून बोलायची त्यांची जुनी सवय. दुकानात टोपी घालून बसतो आता. टोपीचाही वास येतो.

६ एप्रिल
स्थळ आलं. कारंजा लाडची संगीता. शेतीची पदवी, नोकरीही कृषी खात्यात. फोटो पाहिला. जेवून परत पाहिला. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना पाहिला. याआधी तीन स्थळं माझं डोकं पाहून गेली ती गेलीच. त्यांचं काही वाटलं नाही. हिचं वाटेल.
डोस दिवसातून चारदा. तिसरी बाटली, तोच रस घालून. आणि हिला माझी पद्धत समजेल. डेमो प्लॉट म्हणजे काय हे तिला शिकवावं लागणार नाही.

१० मे, परतीच्या एसटीत
पोहे झाले. तिचे मामा म्हणाले, टोपी काढा ना भाऊ, लय उकडून राह्यलं. काढली. तिची धाकटी बहीण नाकाला ओढणी लावून आत गेली.
मी डगमगलो नाही. संगीताला सगळा प्रयोग सांगितला, धुऱ्यासकट. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि डोकं दोन्हीकडून पाहिलं. इतकं मन लावून माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. म्हटलं, ओळखा, औषध कोणत्या बाजूला? ती लगेच म्हणाली, उजव्या.
मी हसलो. एकटाच.
मग तिनं बाटली मागितली. दुपारचा डोस चुकू नये म्हणून खिशातच होती. लेबल मोठ्यानं वाचलं. दिवसातून एकदाच. आंबट पदार्थासोबत वापरू नये. खाज आल्यास बंद करावे. झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, याच्यात काय टाकलं? लिंबू म्हटलं. कांदा सांगितला नाही. तिनं झाकण घट्ट लावलं. विचारलं, दुकानात शेतकऱ्याईले काय सांगता तुमी? मी चहाचा कप उचलला. रिकामा होता.
एकूण चर्चा तांत्रिक आणि चांगली झाली. होकार धरून चालायला हरकत नाही.

१४ मे
मध्यस्थ शेषरावांचा फोन. नकार.
म्हटलं, केसांमुळेच ना? सरळ सांगा. ते म्हणाले, नाई गा, तिचा बाप टकला, भाऊ टकला, त्याईले टकलाचं काय? पोरगी म्हने, जो मानूस लोकाईले लेबल वाचा म्हनते अन् सोता वाचत नाई, त्याच्यावर इस्वास कसा ठेवाव?
जेवलो नाही. आईनं वरण पुन्हा गरम केलं, तरी नाही. आज त्यात केस नव्हता. माझीच मला किळस आली. बाटली उकिरड्यावर फेकली. फोटो फोनमधून काढायला घेतला होता. राहिला.

१६ मे
सलूनमध्ये गेलो. सगळं काढून टाक म्हटलं. त्यानं विचारलं, कोन्या बाजूनं सुरू करू? डावीकडून म्हटलं.
तिकडे मशीनला फारसं काम पडलं नाही. उजवीकडे बराच वेळ लागला. चांगले दाट होते.