घड्याळाचा आवाज कोणी चोरला

पेरुंगुडी, चेन्नई

ती. सौ. विद्युलतामामींस उपेंद्रचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच). तुमचा गुडघा कसा आहे? मामांची शुगर आणि शेजाऱ्यांशी बोलणं, दोन्ही ताब्यात आहेत ना? अर्चना मजेत आहे. तिच्या ऑफिसात एसी इतका जोरात असतो की ती भर मे महिन्यात शाल घेऊन जाते. फोनवर मामा कायम शेजारी असतात, म्हणून हे पत्र.

मामांनी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीसाठी माझ्या हवाली केलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात (नंतर आठवलं की तुम्ही लगेच आत निघून गेलात). पूर्वी ठोके गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, आता उशीखालून आल्यासारखे येतात. म्हणजे सांगलीच्या घड्याळजीने आतली वाजणारी मूळ तार काढून हलकी बसवली, असा मामांचा ठाम संशय. "तू मोजमापातला माणूस आहेस, नीट लक्ष ठेव. माझ्या पंचाहत्तरीला घड्याळ खणखणीत वाजलं पाहिजे," असं त्यांनी बजावलं. मोजमापातला हे खरंच. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मोजायची उपकरणं स्वतः बरोबर मोजतात की नाही, हे मी तपासतो. थोडक्यात, मला पगार मिळतो तो संशय घेण्याचा.

जॉर्ज टाउनमध्ये मालोजी नावाचे तंजावरकडचे मराठी गृहस्थ जुनी घड्याळं दुरुस्त करतात. साठीचे असतील. जुन्या सनदेतलं मराठी, तमिळ हेलात बोलतात आणि फार गोड बोलतात. तिथेच मला पहिली शंका आली. (रोजनिशीत मी लिहिलं, 'हा संशय माझा की मामांचा?' उत्तराची जागा कोरी आहे.) म्हणून घड्याळ देण्याआधी मी लोलकाची पितळी दांडी आमच्या प्रयोगशाळेत मोजून ठेवली. दांडी बदलली तर सापडेल आणि दांडी बदलणारा तार काय सोडणार, असा हिशेब. नंतर एके दिवशी न सांगता दुकानात गेलो. वर पत्रा, दुपारचं ऊन, पंखा नुसता आवाजाला. मोजायचं उपकरण तापू नये म्हणून मी ते डब्याच्या थंड पिशवीतून, दहीभाताशेजारी ठेवून नेलं होतं. दांडी मोजली. केसभर लांब भरली. पुन्हा मोजली, पुन्हा केसभर. मी मालोजींना सांगितलं, ही दांडी आमची नव्हे.

त्यांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. मग म्हणाले, "सार, असं कसं बोल्ताव? आमच्या आज्यापासून दुकान इथंच आहे." मी म्हटलं, मी नाही, आकडा बोलतोय. त्यावर त्यांनी घड्याळ उचलून कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. "घड्याळ तुमचं?" मामांचं, मी म्हटलं. "मग तुमच्या हाती देणार नाही. धन्याला येऊंदे."

घरी येऊन अर्चनाला सगळं सांगितलं. ती डोशाचं पीठ ढवळत होती. न थांबता तिने विचारलं, "त्यांच्या दुकानात एसी आहे का?" मी म्हटलं, नाही, पण त्याचा इथे काय... आणि वाक्य तिथेच सोडलं. मामी, पितळ तापलं की वाढतं. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर इंग्रजीत आणि तमिळमध्ये पाटी आहे, 'वस्तू थंड झाल्याशिवाय मोजू नये.' ती मीच लावली आहे. उपकरण गार ठेवलं आणि दांडी पत्र्याखाली भाजलेली मोजली. अर्चना म्हणाली, "दहीभाताची काळजी मात्र छान घेतलीस हं."

शनिवारी माफी मागायला गेलो. मालोजींनी ऐकून घेतलं, कॉफी मागवली. घड्याळ मात्र कुलपातच. तेव्हा पंचाहत्तरीच्या आधी तुम्ही दोघांनी एकदा चेन्नईला यावं, ही कळकळीची विनंती. समुद्र बघाल, घड्याळही मिळेल.

आपला,
उपेंद्र

ता. क. दोघांनी नको. जमलं तर तुम्ही एकट्याच या. कॉफी झाल्यावर मालोजींनी कपाट उघडून मला एक वस्तू दाखवली. घड्याळाची तार मूळचीच आहे, कोणी हात लावलेला नाही. तारेवर पडणाऱ्या हातोडीला कापडाची एक पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. मोरपंखी रंगाचा इरकली काठ. काठ मला ओळखीचा वाटला (गेल्या दिवाळीच्या फोटोत तुम्ही मधोमध उभ्या आहात). मामा दुपारी जेवून आडवे झाले की भिंत पडली तरी उठत नाहीत आणि तुमची झोप फार सावध आहे, हे मला माहीत आहे. तरी माझा कोणावरही संशय नाही. मालोजींनी पट्टी पुन्हा कपाटात ठेवली आणि म्हणाले, "धनी नको. धनीणबाईंनाच येऊंदे."

पुन्हा ता. क. आत्ताच मामांचा फोन येऊन गेला. चोर सापडला का, विचारत होते. तपास चालू आहे, म्हणालो. तुम्हाला अजून विचारलेलं नाही, तेव्हा हे खोटं होत नाही, असं मी स्वतःला समजावतो आहे. पट्टी काढूनच ठेवायची की परत बांधायची, एवढं कळवा. बांधायची असेल तर तुम्हालाच यावं लागेल. मालोजींना तशी गाठ मारता येत नाही.