येळवसचं पाणी

वस्ती, अणदूर शिवार
१ जानेवारी २०२५

चि. हर्षालीस आण्णाचे अ. उ. आ.

तू मागितलेलं ओढ्याच्या पाण्याचं माप घेतलं. परवा येळवसच्या अमावास्येला सगळं शिवार आंबील पिऊन निवांत होतं, म्हणून बलभीमकाका मदतीला मिळाला. पूजेतलं लिंबू पाण्यात सोडून ते वाहत पुढं जाईपर्यंत आकडे मोजले. काका मधेच चुकायचा. सेकंदाला ऐंशी लिटर बसतं.

तुझी आई नळदुर्गच्या भाड्याच्या खोलीतून रोज विचारते की घरी कधी नेता. तिच्या ऑक्सिजनच्या यंत्राला दिवसरात्र वीज लागते आणि वस्तीपर्यंत खांब नाहीत, हे दर वेळी नव्यानं सांगतो. तिनं लुगडी बांधून ठेवली आहेत. सगळा भरवसा तुझ्या पाण्यावर वीज काढणाऱ्या चाकावर.

जेवत जा.
तुझा आण्णा

पुणे
९ मार्च २०२५

ती. आण्णांस हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आकड्यावर संगणकात चाक फिरवलं. पाणी पात्यांवर दोनदा आदळतं, आत शिरताना आणि बाहेर पडताना. पात्यांचा कोन बावीस वेळा बदलला. दर वेळी उत्तराला दोन दिवस! आता आईचं यंत्र चालून वर दोन दिवे लागतील. नकाशे महांतेश वेल्डरला द्या, आणि पाती अंदाजानं वाकवू नको म्हणावं. आईला सांगा, यंदाची दिवाळी घरी.

तुमची माया आहेच, ती असू द्या.
हर्षाली

वस्ती
३० नोव्हेंबर २०२५

चि. हर्षालीस अ. उ. आ.

चाक बसून महिना झाला. दोन गिरक्या घेतं आणि थांबतं. महांतेशनं पाती दोनदा उतरवली, मी गाळ काढला. आता काय करावं सुचत नाही. दिवाळी खोलीतच झाली. आई अजून लुगड्यांची गाठ सोडत नाही. काका म्हणतो की पोरीला विचार. रागावू नकोस.

तुझा आण्णा

पुणे
८ डिसेंबर २०२५

ती. आण्णांस शि. सा. न. वि. वि.

गणित दहादा तपासलं, बरोबर आहे. मग तुमचं जुनं पत्र काढलं. माप येळवसचं होतं! त्या दिवशी कुणी कामाला हात लावत नाही, वरच्या अंगाच्या, ओढ्यातलं पाणी उपसणाऱ्या साऱ्या मोटारी बंद असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी नुसता आकडा उचलला. एरवीच्या पाण्याच्या अंदाजावर संगणकात लहान चाकही करून पाहिलं. यंत्रापुरती वीज निघत नाही. चूक माझी आहे, आण्णा. आईला काय सांगू?

तुमची हर्षाली

वस्ती
येळवस, १९ डिसेंबर २०२५

चि. हर्षालीस अ. उ. आ.

मोटारी थांबल्या आणि सकाळी नऊला चाक फिरलं. तू सांगितलंस तसंच, यंत्र चालेल इतकी वीज आणि वर दोन दिवे. मला राहवलं नाही, जीप करून, वाटेपुरता सिलिंडर लावून, आईला यंत्रासकट घेऊन आलो. तिनं सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी खाल्ली, गाठोडं सोडलं.

काका म्हणाला की वहिनीसाठी त्याची मोटार बंद ठेवील. पण बाकी एकवीस जणांचे कांदे उभे आहेत, त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? आई म्हणाली की आता म्या हितनं हलणार न्हाय. मी व्हय म्हणालो.

उद्या उजाडताच मोटारी सुरू होतील. जीपवाल्याला पहाटे सहाला परत बोलावलं आहे. आई आत फळीवर लुगडी लावते आहे.

तुझा आण्णा