हिरवा चौकोन आणि धूसर डोळे

प्रिय आदिती,

माझं सगळं बदललं ते गेल्या गुरुवारी दुपारी, कॅमेऱ्यातला हिरवा चौकोन तुझ्या उजव्या डोळ्यावर येऊन बसला त्या क्षणी. त्याआधी माझं बरं चाललं होतं. सकाळी स्टुडिओ उघडायचा, लेन्स पुसायच्या, गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं आणि कुणी कॉलेजचं नाव काढलं की उठून बाहेर जायचं. चौकोन हिरवा झाला म्हणजे नेम बसला, फोटो धारदार येणार, असा त्याचा अर्थ असतो. आणि तुझा मी काढलेला एकही फोटो धारदार आला नाही.

हो, महाद्वार रोडच्या स्टुडिओत टोपी आणि मास्क घालून घोगऱ्या आवाजात बोलणारा तो माणूस म्हणजे मीच, राजवीर. सर्दीबिर्दी काही नव्हती. कुरुंदवाडची नवरी येणार आणि तिचं नाव आदिती, हे आदल्या दिवशी कळलं तेव्हा सुट्टी टाकायची सोडून मी मेडिकलमधून मास्क घेऊन आलो. असं का केलं ते विचारू नकोस. प्रॅक्टिकल अर्धं टाकून, सरांच्या तोंडावर दार आपटून कॉलेज सोडलं तेव्हाही कारण विचारलेलं मला आवडलं नव्हतं.

स्टुडिओचे मालक बाहुबली आण्णा. त्यांनी पुण्याहून हा मिडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा जुना म्हणून आणला, तोच मुळी लग्नासाठी. आपल्याकडं कार्यालयाच्या दारात नवरा-नवरीचा माणसाएवढा फोटो उभा केल्याशिवाय पाहुण्यांना आत जावंसं वाटत नाही, हे तुला माहीत आहे. साध्या कॅमेऱ्याचा फोटो तेवढा मोठा केला की लांबून बरा, जवळून ढोबळ दिसतो. याच्या पोटातला सेन्सर चांगलाच मोठा, त्यामुळं पापणीचा केस न केस मोजून घ्यावा. पण त्याची एक खोड आहे. धारदार दिसणारा पट्टा अगदी अरुंद. डोळा स्पष्ट आला तर कान धूसर, इतकं.

संध्याकाळी मोठ्या स्क्रीनवर तुझे फोटो उघडले आणि आण्णांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "कानातली कुडी बघ लेका, एकेक मोती मोजून घे. आणि डोळं? डोळ्यात काय दूध सांडलंय व्हय?" जिनेश, माझा इथला जोडीदार, खुर्चीतून म्हणतो, "हात थरथरला असंल की. नवरी देखणी हाय." मी लेन्सचं झाकण त्याच्या दिशेनं भिरकावलं. पण फेकताफेकताच डोक्यात आलं, हात हलला असता तर सगळाच फोटो हलला असता. कुडी अशी कापल्यासारखी आली नसती. म्हणजे नेम बसला होता, फक्त चुकीच्या जागी. राग एकदम उतरला. मला स्वतःचंच नवल वाटलं. राग असा मधूनच उतरत नाही माझा, तुला ठाऊक आहे. या वेळी मागं नुसतं कुतूहल उरलं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या कॅमेऱ्याच्या मागं लागलो. शाळेची फूटपट्टी टेबलावर तिरकी ठेवली, मधल्या रेघेवर चौकोन लावला, फोटो काढला. मधलीच रेघ धारदार, म्हणजे नेम बरोबर. लेन्स बदलली, तरी तेच. मग कुठंतरी वाचलं की डोळ्यावर चौकोन लावून नंतर कॅमेरा वळवला तर तो धारदार पट्टा माणसाच्या मागं सरकतो. करून बघितलं, खरंच सरकतो. मी आनंदानं जिनेशच्या पाठीत धपाटा घातला. आणि मग आठवलं, तुझ्या वेळी कॅमेरा स्टँडवर होता. मी तो वळवलाच नव्हता.

शेवटी खालच्या चहाच्या गाड्यावरच्या बाळाबाई मावशीला वर आणून तुझ्याच स्टुलावर बसवलं. लाइट तोच, अंतर तेच. मी पुन्हा पुन्हा चौकोन लावतोय म्हटल्यावर म्हणाली, "फोटो काढतूयस का कबुतराला नेम धरतूयस? दूध उतू जाईल की माझं." तिचे सगळे फोटो चोख आले. कपाळावरच्या गोंदणासकट. मग गुरुवारचे बाकीचे बघितले. तुझी बहीण संयोगिता, माझ्याच हातचे फोटो, चोख. मी लाइटची छत्री सरकवत असताना जिनेशनं तुझे दोन काढले होते, तेही चोख. म्हणजे कॅमेरा बरोबर, लेन्स बरोबर, मी बरोबर, तू बरोबर. बिघाड फक्त तुझ्या माझ्या मधे.

आण्णांनी आम्हाला एक रीत शिकवली आहे. बटण अर्धं दाबायचं, चौकोन हिरवा होऊ द्यायचा, मग माणसाशी गोड बोलायचं, आणि चेहरा सैल पडला की बटण पुरं दाबायचं. जिनेश बोलतच नाही, थेट दाबतो, म्हणून आण्णांच्या शिव्या खातो. आधीच्या साध्या कॅमेऱ्याचा धारदार पट्टा रुंद, त्यामुळं या रीतीनं आमचं कधी अडलं नाही. पण अर्ध्या बटणावर कॅमेरा माणूस धरून ठेवत नाही, अंतर धरून ठेवतो. मधल्या वेळात माणूस हलला तर धार जुन्याच जागी राहते. मी बाळाबाईला म्हटलं, मावशी, चौकोन हिरवा होऊन कॅमेऱ्याचं पीप वाजलं की जरा पुढं ये, चारच बोटं. ती आली. स्क्रीनवर बघितलं, कान धारदार आणि डोळे धूसर. हुबेहूब तुझा फोटो.

म्हणजे तू पुढं येत होतीस. एकदा नाही, मी काढलेल्या प्रत्येक फोटोत.

कोडं सुटलं म्हणून आण्णा खूश. म्हणाले, "मग आता आधी बोल आणि मग दाब. न्हायतर त्यो डोळ्याच्या मागं पळणारा फोकस लाव. इषय संपला." त्यांचा संपला. मी मात्र तुझे फोटो पुन्हा उघडून बसलो. धूसर आहेत, तरी कळतं की तू डोळे बारीक केले आहेस, कपाळाला आठी आहे. कॉलेजात पहिल्या बाकावर बसूनही तू फळ्याकडं अशीच बघायचीस, चष्मा घरी विसरलीस की. गुरुवारी तुझ्याबरोबर आलेल्या राजमती काकूंनी तुझा चष्मा दारातच काढून घेतला होता. "नवरीला चष्मा बरा दिसत न्हाय, आण इकडं," असं म्हणून पर्समध्ये टाकलेला मी पाहिला होता. तुला समोर नुसता एक काळा ठोकळा आणि त्याच्यामागं कुणीतरी, एवढंच दिसत असणार. संयोगिताशी तू गप्पा मारत होतीस तेव्हा ताठ बसली होतीस. जिनेश मुकाट होता, तेव्हाही ताठ. मी घसा बसवून "ताई, हनुवटी जरा खाली" म्हटलं, आणि तू पुढं आलीस. इथं प्रत्येक नवरीला ताई म्हणायचं, हा आण्णांचा नियम. तुला म्हणताना माझी जीभ कशी वळली ते मलाच माहीत.

उद्या सकाळी तुझ्या घरी फोटो पुन्हा काढायचे ठरले आहेत. काकूंना आण्णांनी लाइटचं कारण सांगितलं आहे. डोळ्याच्या मागं पळणारा फोकस मी लावून ठेवला आहे. तू पुढं आलीस, मागं गेलीस, तरी फोटो आता चुकणार नाही. त्यामुळं उद्या फोटोवरून मला काहीच कळणार नाही, म्हणून हे पत्र. आदिती, तू आवाज ओळखून पुढं येत होतीस, की कुणीही परका बोलला असता तरी आली असतीस? मला तू आवडतेस. कॉलेजात असतानाही आवडायचीस, आणि ते सांगायच्या ऐवजी मी सगळ्या जगाशी भांडत होतो. लग्न मोड असं म्हणायचा मला हक्क नाही. पण आवाज ओळखला असशील तर लग्नाआधी एकदा माझ्याशी बोल. नसशील, तर जिनेशला एवढंच सांग की दुसरा माणूस पाठवा. मी येणार नाही आणि काही आपटणार नाही. काही निरोप आला नाही तर मी मास्क न घालता येईन, आणि तू काकूंचं न ऐकता चष्मा घालून बस. जिनेश घरी कुरुंदवाडला निघालाय, हे पत्र तोच तुला देईल; खाली गाडी सुरू करून हॉर्न वाजवतोय. पुन्हा वाचलं तर फाडून टाकीन, म्हणून वाचत नाही. पाकीट चिकटवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो. या वेळी न आपटता.

तुझाच,
राजवीर