लोडरला मास्ट बसवताना

३ नोव्हेंबर, सोम.
कामावरच्या शांताबाईंच्या बोटाला टाके. ट्रकात पेव्हर ब्लॉक चढवताना थर घसरला, बोट मधे सापडलं. बोट वाचलं म्हणाले डॉक्टर. परत येताना रिक्षात त्याच मला समजावत होत्या, "एवढं मनाला लावून घिऊ नका दादा, हाताचंच काम हाय की."
हातानं चढवणं बंद करायचं. पण फोर्कलिफ्ट आपल्या यार्डात चालत नाही, मुरमात रुततो. छोटा लोडर मात्र कुठंही फिरतो. त्याची बकेट काढून फोर्कलिफ्टचा मास्ट, म्हणजे ओझं वर-खाली करणारा पुढचा सांगाडा, लावला तर?

६ नोव्हें.
बंद सूतगिरणीच्या भंगारात मास्ट मिळाला. उभे खांब, साखळ्या, सिलिंडर, पुढचे दोन काटे, सगळं जागेवर. मल्लेशमअण्णांना दाखवला. पूर्वी माग दुरुस्त करायचे, आता वेल्डिंगचं वर्कशॉप. टकटक करून बघितलं. "होतंय की. लोडरला जोडायची प्लेट मी करतो." मी म्हटलं, लवकर करा अण्णा.

१२ नोव्हें.
बसला! दिसतो झकास. दस्तगीर आत जाऊन बसला (लोडर पहिल्यापासून तोच चालवतो), उतरला, आणि म्हणाला, "सेठ, ये सामने गिऱ्या तो मैं निकलूं कां से?"
खरंच. लोडरचं दार पुढंच, आणि दारापुढं आता मास्ट. संकटात मागच्या काचेतून निघायचं असतं, ती तर जाम. आज दिवसभर तो त्या काचेमागं लागला. जुनं रबर काढलं, नवं बसवलं, मग स्वतः बाहेर पडून दाखवलं. पोट अडकलं. सगळे हसलो. मी मनातून वैतागलेलो, एक दिवस वाया म्हणून.

१५ नोव्हें.
उद्या चाचणी. जेवताना बायकोनं, रेखानं, विचारलं: "आत कोण बसणार?" मी. "दस्तगीरभाई का नाही?" माझं खूळ, मीच बसणार. नंतर भाकरी वाढताना, "समोर कोणी उभं राहायचं नाही. अण्णासुद्धा नाही."

१६ नोव्हें., रवि.
 आजचं सगळं लिहून ठेवतो.
यार्ड बंद, आम्ही चौघंच. रेखानं चारी बाजूंनी लांब दोरी बांधली. अण्णा साखळी बघायला पुढं जायला लागले, तर ही ओरडली, "अण्णा, दोरीच्या मागं!" कुरकुरत गेले.
रिकामा मास्ट वर-खाली, ठीक. थोडे ब्लॉक, ठीक. लाकडी फळ्यांचं पॅलेट अर्धं भरून, ठीक. पूर्ण पॅलेट छातीएवढं वर गेलं आणि काड् असा आवाज. प्लेटचं वेल्ड सुटलं. मास्ट पुढं कलला, मागची चाकं उचलली गेली, मी पट्ट्यात लटकलेला. पॅलेट खाली. मग लोडर मागं आपटला. ब्लॉक पसरले ते बरोबर अण्णा जिथं उभे राहणार होते तिथं.
मास्ट वाकडा होऊन दाराला आडवा. इंजिन बंद केलं. मागची काच ढकलली, एका दणक्यात निघाली. बाहेरून दस्तगीरनं काखेत धरून ओढलं. "आराम से, आराम से." रेखानं पाण्याचा तांब्या दिला, आणि मी पिऊन होईपर्यंत माझा दंड सोडला नाही.

१७ नोव्हें.
सकाळीच अण्णा आले, दारातच उभे. "तप्पु नादे. चूक माझी हाय." म्हटलं, घाई मी केली अण्णा. दोघं ओट्यावर चहा पीत बसलो. जाताना हात जोडायला लागले, मी धरले. माणूस समोर आहे, अजून काय पाहिजे?
माळशिरसहून आईचा फोन. तिला सांगितलं नाही. "जेवलास का" एवढंच विचारते ती. आज फार बरं वाटलं ऐकून.

२१ नोव्हें.
अशी यंत्रं तपासणाऱ्या इंजिनिअर मॅडम आल्या. रागावतील वाटलं होतं. ब्लॉकवरच बसल्या, कागदावर लोडर काढला. "ओझं जितकं पुढं आणि जितकं वर, तितका लोडर उलटायला सोपा. त्यात मास्टचं स्वतःचं वजन. हे गणित कोणी केलं?" कोणीच नाही.
आता असं: मास्टचा वरचा भाग काढायचा. उचलायचं कमरेपर्यंतच, तेवढ्यात पोचावं म्हणून ट्रक खड्ड्यात उभा करायचा. प्लेट लोडरच्या कंपनीची, घरची नाही. पॅलेट अर्धंच. काट्यांमागं जाळी, ब्लॉक अंगावर येऊ नयेत म्हणून. तेलाचा पाईप फुटला तरी ओझं धाडकन येऊ नये म्हणून सिलिंडरला व्हॉल्व्ह. लोडरचे बकेट उचलणारे हात कायम खाली, खीळ घालून. आणि "हे चालेल का ते कंपनीला विचारा, त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत फक्त चाचणी. काम नाही."
अण्णा सगळं मान हलवत ऐकत होते. खड्डा मीच खणून घेतो म्हणाले.

९ डिसें.
दुसरी चाचणी. दोरी आज अण्णांनीच बांधली. आत दस्तगीर. मागची चाकं जमिनीवरच राहिली. मॅडमनी वेल्डला लाल रंग लावून, पुसून, चिरेत कुठं रंग उरला का ते टॉर्च घेऊन बघितलं. कुठं चीर नाही. रेखानं सगळ्यांना शिरा केला. आज देवापुढं बसलो तेव्हा मागायला काही सुचलं नाही.

१३ डिसें.
कंपनीचं उत्तर नाही. बायका हातमोजे घालून, दोघी-दोघी मिळून चढवतायत. कुर्डुवाडीच्या गिऱ्हाईकाचा सकाळपासून तगादा. संध्याकाळी राहवलं नाही, दस्तगीरला म्हटलं, एवढा एक ट्रक लोडरनं भरू.
"जवाब आया क्या?"
नाही.
त्यानं लोडरची चावी काढली, शर्टाच्या खिशात टाकली. "जवाब आए तलक मेरे कने रैंदो, सेठ." आणि स्कूटर चालू करून गेला.
मागितली नाही मी.