पडद्याच्या डाव्या कडेपलीकडे

प्रिय तोमोया,

पार्सल पोचलं असेल. वरच्या डब्यात वाळवलेली पर्सिमनची फळं आहेत, खालच्यात माझ्या नातीला, मिनोरीला, तांदळाचे गोड पापड. ते तू आधीच संपवू नकोस, ती फोनवर तुझी चुगली करते. इथे ओसाकात थंडी सुरू झाली आहे. माझा गुडघा बरा आहे, म्हणजे जसा असतो तसा आहे.

रविवारी तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. गॅसवर मासा आहे म्हणून फोन ठेवला. मासा नव्हता. तू म्हणालास, बाबांचा जुना खेळ आम्ही नव्याने काढतोय. जुना पडदा चौकोनी होता आणि आताचे टीव्ही आडवे लांब, म्हणून दोन्ही बाजूंना चित्र वाढवलं. आणि डावीकडे, खेळातल्या त्या लाल जॅकेटवाल्या नायकाच्या बरंच मागे, एक चिमुकली मुलगी दिसायला लागली. डोक्यावर पिवळी टोपी. गोळी झाडत नाही, उडी मारत नाही, नुसती त्याच्यामागून चालते. तुमच्या ऑफिसातल्या मुलांना वाटतं, कसलीतरी चाचणी करायला काढलेली बाहुली असावी. त्या काळी नको असलेली चित्रं पुसण्यापेक्षा पडद्याच्या बाहेर नेऊन उभी करणं सोपं पडायचं, हे मलाही ठाऊक आहे. आणि मग तू म्हणालास, “बाबांच्या हातचं आहे म्हणून विचारतो, आई. काढून टाकू का तिला?” महिनाअखेर खेळ बाजारात जाणार, त्याआधी तुला उत्तर हवं आहे. फोनवर मला ते जमलं नसतं. लिहिताना निदान थांबता येतं.

मी नन्सच्या शाळेत वाढलेली मुलगी. गेम सेंटरच्या दारात गणवेशात कुणी दिसली तर दुसऱ्या दिवशी चॅपलच्या पायऱ्या घासाव्या लागत. सिस्टर आम्हाला बाकावर थोडं सरकून बसायला लावायच्या, शेजारी आपला देवदूत बसतो म्हणून. अशी मी, आणि लग्न केलं ते दिवसभर बंदूकवाले काढणाऱ्या माणसाशी. तुझे बाबा चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने एकेक चौकोन भरत बसायचे. नाक म्हणजे एक चौकोन. डोळा म्हणजे एक चौकोन. एवढ्यात माणूस उभा करायचा आणि तो पळतोय असं वाटायला लावायचं. कधी मलाही भरायला द्यायचे. पहिल्या टप्प्यातल्या बंदराचं निम्मं पाणी माझं आहे, हे तुला कधी सांगितलं होतं का?

त्यातलं काय आवडतं लोकांना, हे मला कळत नसे. खेळ पुरा होत आला तेव्हा कंपनीने एक मशीन स्टेशनजवळच्या बाजारगल्लीतल्या गेम सेंटरमध्ये लावून पाहिलं होतं, लोक किती वेळ उभे राहतात ते बघायला. तू माझ्या पाठीवर बांधलेला. त्या वर्षी मला घरात एकटीने बसवत नसे, कारण तुला माहीत आहे. मी रोज दुपारी तिथे जाऊन खेळणाऱ्यांच्या पाठीमागे उभी राहायची. सिगारेटचा धूर, कान किटवणारा आवाज, आणि तू शांत झोपलेला. बघता बघता मला समजलं. त्या खेळात संकट नेहमी उजवीकडून येतं. त्याच क्रेनखालून, त्याच दारातून, दर वेळी तस्संच. पहिल्यांदा माणूस मरतो, दुसऱ्यांदाही मरतो, तिसऱ्यांदा त्याचा अंगठा आपोआप हलतो आणि गोळी डोक्यावरून निघून जाते. मुलांना वाटायचं आपण शूर आहोत. मला वाटायचं, किती भाग्यवान आहेत ही, यांना तालीम करायला मिळते. आणि एकदा पुढे सरकलं की पडदा मागे जात नाही. डावीकडे जे गेलं ते गेलं. कुणी तुम्हाला तिकडे परत या म्हणत नाही. त्या दिवसांत मला त्यात फार निवांत वाटे.

तिथे एक कॉलेजचा मुलगा यायचा, हिरोसे नावाचा, सगळ्यांत तरबेज. एकाच नाण्यात शेवटपर्यंत जायचा आणि बाकीचे त्याच्यामागे गुपचूप उभे राहून शिकायचे. त्याची एक खोड होती. कितीही गोळीबार होऊ दे, लाल जॅकेटवाल्याला तो कधी डाव्या कडेला टेकू देत नसे. मध्ये जागा सोडायचा. त्यामुळे कधीकधी मरायचाही. एकदा दोस्त त्याला म्हणाले, “अरे मागे सर की गाढवा, तिथे काय तुझी आई उभी आहे, अभ्यास कर म्हणत?” सगळे हसले. तो हसला नाही. पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “कोणीतरी आहे. पाय पडेल तिच्यावर.” तिच्यावर, म्हणाला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. मी आपली मान खाली घालून तुझे मोजे नीट केले आणि घरी आले.

तुझे बाबा कधी माझ्याबरोबर येत. तेही मागे उभे राहत, पण लढाई बघत नसत. सगळ्यांच्या माना उजवीकडे आणि यांची एकट्यांची डावीकडे, जिथे पडदा संपून मशीनचं काळं लाकूड सुरू होतं तिथे. पुढे वर्षानुवर्षं ते तसेच राहिले. रस्त्याने चालताना डावा हात किंचित मागे. सिग्नल सुटला की एक क्षण थांबून मग निघायचे, जसं कुणाला गाठू द्यावं. तुला चीड यायची. एकदा तू म्हणाला होतास, बाबांबरोबर कुठे वेळेवर पोचणं शक्य नाही. शेवटी हॉस्पिटलमध्ये नर्सने डाव्या बाजूला माझ्यासाठी खुर्ची ठेवली तर त्यांनी ती उचलायला लावली. “वाटेत येते,” एवढंच म्हणाले. मी तीन आठवडे उजवीकडे बसले.

आता ऐक. तू मागच्या वेळी येऊन नवा खेळ टीव्हीला जोडून गेला होतास ना, तो तुझ्या फोननंतर मी लावला. सोमवार दुपार होती, खिडकीत स्वच्छ ऊन. बंदर आलं, माझं निळं पाणी आलं, आणि डावीकडे ती आली. तू सांगितलं होतंस ते खरं आहे. लाल जॅकेटवाला मरतो, पडदा काळा होतो, पुन्हा उजळतो तेव्हा ती आधीच उभी असते, त्याची वाट बघत. तू म्हणालास, चालताना मध्येच तिचा पाय घसरल्यासारखा होतो, चित्र चुकलं असावं. तोमोया, ते चुकलेलं नाही. ती लंगडी घालते. चार पावलं चालायचं आणि एक लंगडीची उडी. बाजारात जाताना, देवळात जाताना, दवाखान्यात जातानासुद्धा. बाबांच्या मागे, डाव्या अंगाला. बाबा पुढे चालायचे आणि हात मागे सोडून ठेवायचे, हवा तेव्हा धरता यावा म्हणून. तू तेव्हा वर्षाचाही नव्हतास. तुला मायुको फक्त कपाटावरच्या फोटोतली ताई म्हणून माहीत आहे, आणि त्या फोटोत टोपी नाही. ती एप्रिलमध्ये पहिलीत जायची होती. शाळेची पिवळी टोपी आणून ठेवली होती, नाव शिवून. मार्चमध्ये ताप आला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. टोपी तिने एकदाही घातली नाही. बाबांनी ती घातलेली काढली आहे. तू ओळखलं नाहीस यात तुझं काय चुकलं?

मी बघत राहिले आणि खेळायचं विसरले. उजवीकडून गोळी आली. लाल जॅकेटवाला नेमका तेव्हा वाकलेला होता, ती त्याच्या डोक्यावरून गेली आणि पुढे जातच राहिली. जुन्या पडद्यावर ती तिथे संपली असती. इथे ती टोपीतून आरपार गेली. तू म्हणाला होतास, हिची चारच चित्रं आहेत, सगळी चालण्याची. पडण्याचं, मरण्याचं चित्रच नाही, त्यामुळे तिला काही होत नाही. खरंच ती पडली नाही. पण त्यानंतर तिने लंगडी घातली नाही. साधी चालू लागली. मी तशीच पुढे खेळत गेले; कारखान्याच्या टप्प्यात आणखी गोळ्या गेल्या, आणि दर गोळीला ती त्याच्या थोडी जवळ आली, शेवटी पाठीला चिकटूनच. मग माझा अंगठा थांबला. लाल जॅकेटवाला उभा राहिला, ती उभी राहिली, आणि तिने मान वळवली. एवढ्याशा चेहऱ्यात काय असणार, दोन चौकोन डोळ्यांचे. ते माझ्याकडे होते.

मला ते बंद करता येईना. बंद केल्यावर ती कुठे जाते हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या नोगुचीबाई ताटली परत द्यायला आल्या. त्या कशा आहेत तुला ठाऊकच आहे, तोंडाला कुलूप नाही. म्हणाल्या, “काय सातोएबाई, या वयात बंदुका? आता दरोडा घालायचा विचार आहे का?” मग जरा जवळ जाऊन, डोळे बारीक करून म्हणाल्या, “आणि त्या पोरीला का ताटकळत ठेवलंय? केव्हाची बघतीये तुमच्याकडं.” मी त्यांना चहा दिला. त्या गेल्या तेव्हा पडद्यावर ती पुन्हा पाठमोरी होती. माझे डोळे थकलेत असं तू म्हणशील, आणि मी ते मान्यही केलं असतं, पण नोगुचीबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि त्यांना आता नको तितकं दिसतं.

त्या गेम सेंटरमध्ये एकदा मी बाबांना विचारलं होतं, तुम्ही त्या कडेला काय बघता म्हणून. ते म्हणाले होते, “गोळी कडेला पोचली की विरते. कडेच्या पलीकडे कुणाला काही लागत नाही.” मला वाटलं, कामाचं काहीतरी बोलतायत. मी म्हटलं, चला, तोमोयाला भूक लागली असेल. पस्तीसहून जास्त वर्षं मी ते वाक्य कामाचं समजून बाजूला ठेवलं होतं. त्यांनी तिला साऱ्या खेळातल्या एकाच सुरक्षित जागी नेऊन ठेवलं होतं, लाल जॅकेटवाल्याच्या मागून, त्याच्याच चालीने, शेवटपर्यंत. जगातली कितीतरी मुलं रोज तो खेळ खेळली, कितीतरी वेळा मेली, आणि तिला एक गोळी लागली नाही. तुम्ही पडदा रुंद केलात, चांगल्या हेतूनेच केलात, आणि कड तिच्या मागे गेली.

तेव्हा हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तिला पुसू नकोस. आणि आहे तिथेही ठेवू नकोस. नवी कड जिथे आहे तिच्याही बाहेर तिला ने, थोडी डावीकडे, कुणाला दिसणार नाही इतकीच. फार लांब नको, त्याची चाल तिला गाठता आली पाहिजे. ऑफिसातल्या मुलांना काय सांगायचं ते तू ठरव, बाबांच्या चित्राला हात लावायचा नाही एवढं सांगितलंस तरी पुरे. हे तुझ्याच हाताने कर, दुसऱ्याला देऊ नकोस; तू तिचा भाऊ आहेस. पुढे याहून रुंद पडदे येतील, तेव्हा मी नसेन. तेव्हा पुन्हा तिला एक पाऊल मागे न्यावं लागेल, आणि त्यानंतर पुन्हा, म्हणून मिनोरी मोठी झाली की तिलाही हे सांगून ठेव. झालं की मला फोन कर. जास्त काही बोलू नकोस. ती पुन्हा लंगडी घालते की नाही, तेवढं फक्त सांग.

तुझीच आणि तिचीही,
आई